तबकडीवरचा आवाज आणि वहीतला प्रश्न

कलकत्त्याच्या उत्तरेस असलेले डमडम हे गाव मराठी वाचकाला तीन निमित्तांनी ऐकून माहीत असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील लष्करी कारखान्यात तयार झालेली आणि पुढे साऱ्या जगात कुप्रसिद्ध झालेली बंदुकीची गोळी, हे पहिले निमित्त. दुसरे तेथील विमानतळ. १९९५ पासून त्याला नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव असले, तरी जुन्या पिढीच्या तोंडी तो अजून डमडमच आहे. तिसरे निमित्त आमच्यासारख्या गाणे ऐकत वाढलेल्यांच्या विशेष जिव्हाळ्याचे : ग्रामोफोन कंपनीचा कारखाना. १९०८ साली कंपनीने सियालदाह भागात तबकड्या छापण्यास आरंभ केला आणि विसाच्या दशकाच्या अखेरीस हा कारखाना डमडमला आला. नाट्यगीत असो, भावगीत असो वा ख्याल असो, मराठी घरांतील फडताळांत जपून ठेवलेल्या असंख्य तबकड्या या डमडममधूनच निघाल्या. पुण्याचा आणि कोल्हापूरचा आवाज बंगालातल्या लाखेत उमटून पुन्हा पुण्या-कोल्हापूरला परत येत असे.

जेसोर रस्त्यावरून जाताना एका बंगाली स्नेह्याने मला तो कारखाना दाखवला, तेव्हा मनात एक विचित्र प्रश्न आला. या भिंतींआड देशातल्या थोर गायक-वादकांचा आवाज इतका साठला, पण त्यांना येथे कोणी काही विचारले का? तीन-साडेतीन मिनिटांत राग मांडावा, दिवा विझला की थांबावे आणि पैसे घेऊन निघावे. गाण्याची ही सारी साठवण प्रश्नावाचून झाली. उलट आपल्याकडे ज्यांनी गायकांना प्रश्न विचारले, त्यांच्या वहीत गाणे आले नाही. आवाज एकीकडे आणि शब्द दुसरीकडे, ही फाळणी आपल्या संगीताच्या इतिहासलेखनाच्या मुळाशी आहे आणि नामवंत कलावंताची मुलाखत घेणाऱ्या प्रत्येक पत्रकाराला ती आजही भोवते.

आरंभ कलकत्त्यातच झाला. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग हा ध्वनिमुद्रक तेथे आला आणि त्याने गौहरजानचा आवाज टिपला. गाणे संपता संपता गौहरजान इंग्रजीत स्वतःचे नाव सांगते, हे त्या तबकड्या ऐकलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. त्यात पुष्कळांना तिचा तोरा दिसतो. वस्तुस्थिती अधिक कोरडी आहे. मेणावरचे ते मुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला जायचे होते; तिथल्या कारागिरांना कोणते गाणे कोणाचे हे कळावे, म्हणून गाणाऱ्याने शेवटी नाव उच्चारायचे. तबकडीवरचे तिचे स्वतःविषयीचे एवढेच निवेदन आणि तेही कारखान्याच्या सोयीसाठी! गैसबर्गने पुढे आठवणी लिहिल्या. त्यात गौहरजानचे पोशाख आहेत आणि दर खेपेस निराळे असणारे दागिने आहेत. आझमगढला १८७३ साली अँजेलिना म्हणून जन्मलेल्या या मुलीपासून गौहरजान कशी घडली, तालीम कशी झाली, बैठकीतली ठुमरी तीन मिनिटांत बसवताना तिने काय गाळले आणि काय राखले, हे विचारण्याची संधी ज्याला सर्वांत आधी मिळाली त्याने डोळे वापरले, कान वापरले; जीभ वापरली नाही. १९३० साली म्हैसुरात तिचे निधन झाले. तिचे चरित्र जुळवण्याचे काम नंतरच्या अभ्यासकांना कोर्टकचेऱ्यांच्या कागदांतून करावे लागले.

आता प्रश्नांच्या बाजूकडे वळू. मराठीत संगीतज्ञांना पद्धतशीर प्रश्न विचारण्याची परंपरा पत्रकारांनी नव्हे, एका वकिलाने सुरू केली. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी १९०४ साली दक्षिणेचा, १९०७ साली नागपूर, कलकत्ता, पुरी या मार्गाने पूर्वेचा आणि १९०८ साली उत्तरेचा प्रवास केला, तो गायकांना व पंडितांना भेटून माहिती काढण्यासाठी. सोबत प्रश्नांची तयारी असे आणि रात्री मुक्कामावर परतल्यावर रोजनिशी लिहिली जाई. कलकत्त्यात ते शौरींद्रमोहन ठाकूर यांना भेटले. ठाकुरांनी १८७१ सालीच तेथे संगीतशाळा काढली होती. ग्रंथ, वाद्ये, मानसन्मान यांचा त्यांच्याकडे संग्रह होता. ती भेट दोन ग्रंथज्ञांची होती. दक्षिणेत एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितांच्या भेटीचेही तसेच. पोथी पाहायला मिळाली, मेळ समजून घेता आले, वही भरली.

अडचण सुरू झाली ती उस्तादांपाशी. भातखंड्यांचा प्रश्न साधारणतः असा असे : आपण हा राग गाता, त्याला ग्रंथाधार कोणता? श्रुती किती लावता? ग्राम आणि मूर्च्छना यांचा अर्थ आपण काय करता? साक्षीदाराला उलटतपासणीत घ्यावे तसे हे प्रश्न होते आणि समोरची व्यक्ती तर पिंजऱ्यात उभी राहण्यासाठी आलेली नव्हती. ज्याने वीस वर्षे गुरूच्या घरी पाणी भरून एकेक स्वर कमावला, त्याला 'रत्नाकर' वाचला आहे काय असे विचारले, तर तो एक तर थाप मारील किंवा तोंडात मिठाची गुळणी धरील. दोन्ही गोष्टी घडल्या. भातखंड्यांनी त्या नमूदही केल्या, कित्येकदा उपहासाने. त्यांच्या बुद्धीविषयी आणि कष्टांविषयी आदर बाळगूनही म्हणावे लागते की, येथे प्रश्नकर्त्याने आपले अज्ञान झाकून समोरच्याचे अज्ञान मोजले. उत्तर शब्दांत नसते, ते गळ्यात असते, ही गोष्ट त्यांना कळत नव्हती असे नाही. पण त्यांना हवे होते ते शास्त्र, आणि शास्त्र बोलून दाखवता आले पाहिजे असा त्यांचा आग्रह होता.

याचा एक नमुनेदार परिणाम मराठी वाङ्मयात शिल्लक आहे. १९१० पासून प्रसिद्ध झालेले 'हिंदुस्थानी संगीतपद्धती'चे चारही भाग गुरुशिष्यसंवादाच्या रूपात आहेत. शिष्य विचारतो, गुरू सांगतो. शंका वेळेवर येते, समाधान तत्काळ होते. प्रत्यक्ष प्रवासात जी मुलाखत कधी झाली नाही, ती भातखंड्यांनी कागदावर घडवून आणली, असे मला हे ग्रंथ वाचताना पुष्कळदा वाटले आहे. आमचे विद्यार्थी त्या ग्रंथांकडे केवळ रागलक्षणांसाठी जातात. मराठी गद्यातील संवादरूपाचा एक विस्तृत नमुना म्हणून ते कोणी वाचत नाही, याचे नवल वाटते.

पण भातखंडे शिकले. ज्यांच्याकडे चिजा होत्या त्यांच्याशी वाद घालून त्या मिळत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. पुढे रामपूरच्या दरबारी परंपरेतले धन हवे झाले, तेव्हा या व्यासंगी विद्वानाने नवाब हमीद अली खाँ यांचे शिष्यत्व पत्करले. म्हणजे प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळवण्यासाठी प्रश्नकर्त्याला आधी शागीर्द व्हावे लागले. 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत आज ज्या शेकडो बंदिशी आपण हाताळतो, त्यांच्यामागे अशा अनेक नमस्कारांची किंमत आहे. येथे पत्रकाराची खरी पंचाईत दिसू लागते. परका राहिला तर दार उघडत नाही. घरचा झाला तर विचारायचे ते विचारता येत नाही, कारण शिष्याने गुरूला अडचणीत टाकणारा प्रश्न करणे आपल्या रीतीत बसत नाही.

मराठीत या दोहोंच्या मधला मार्ग चोखाळला तो बी. आर. देवधरांनी. ते स्वतः पलुस्करांचे शिष्य, मुंबईत संगीतशाळा चालवणारे, आणि 'संगीत कला विहार' मासिकासाठी सातत्याने लिहिणारे. 'थोर संगीतकार' या त्यांच्या पुस्तकातील व्यक्तिचित्रे वाचताना जाणवते ते असे की, मुलाखत म्हणून बैठक घातल्याची खूण कोठे नाही. फकिराप्रमाणे राहणाऱ्या सिंदेखाँना जेवू घालावे, त्यांचे विक्षिप्तपण सोसावे, आणि मग एखाद्या संध्याकाळी अकस्मात ते एखादी चीज सांगू लागले की कान देऊन बसावे. बडे गुलाम अली खाँ आवाजाच्या मेहनतीविषयी देवधरांशी बोलले, ते देवधर स्वतः आवाजशास्त्राचे वेडे होते म्हणून. एका धंद्यातला माणूस दुसऱ्याशी बोलतो, त्या सुरात ते बोलणे आहे. त्यातली सगळी हकीकत इतिहासाच्या कसोटीला उतरेल असे नाही, परंतु गायक काय खातो-पितो आणि काय जपतो हे तेथे जितके कळते तितके ठरवून घेतलेल्या शंभर मुलाखतींतून कळणार नाही. वर्तमानपत्राच्या बातमीदाराला मात्र हा मार्ग खुला नसतो. त्याला उद्याच्या अंकासाठी आज सायंकाळी मजकूर द्यायचा असतो.

उत्तराच्या बाजूने सर्वांत विलक्षण उदाहरण अल्लादिया खाँ यांचे. जयपूर-अत्रौली गायकीच्या या प्रवर्तकाने (१८५५–१९४६) एकही ध्वनिमुद्रिका दिली नाही. डमडमच्या साऱ्या साठ्यात त्यांचा स्वर नाही. आहे तो त्यांचा शब्द. वृद्धापकाळी त्यांनी आपली जीवनकथा नातू अझीझुद्दीन खाँ यांना उर्दूत सांगितली आणि नातवाने ती उतरून घेतली. घराण्याचा पूर्वेतिहास, संस्थानांतील दिवस, समकालीन गवयांच्या हकिकती, आणि ऐन उमेदीत अति गाण्याने आवाज बसल्याचा तो जीवघेणा प्रसंग, हे सारे त्यात आहे. त्या बसलेल्या आवाजातून नवी गायकी निघाली काय, हा वाद अभ्यासक अजून घालत असतात. महाराष्ट्रात आयुष्य घालवलेल्या या खाँसाहेबांच्या कथनाचा ग्रंथ २००० साली इंग्रजी अनुवादाच्या रूपाने प्रसिद्ध झाला, तो कलकत्त्याच्या थीमा प्रकाशनाकडून. अनुवादक अमलान दासगुप्ता आणि ऊर्मिला भिरडीकर. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा दरबारगवई, ज्याचे चरित्र गोविंदराव टेंब्यांसारख्या रसिक लेखकाने मराठीत लिहिले, त्याच्या स्वतःच्या तोंडची कहाणी जगापुढे येण्यासाठी बंगालची वाट धरावी लागली. काखेत कळसा म्हणतात तो हाच. आणि या ग्रंथाचे यश तरी कशात? विचारणारा नातू होता. त्याने काय विचारले हे ग्रंथात दिसत नाही. आजोबा बोलत राहिले आणि तो लिहीत राहिला.

खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर. गोव्यातील केरी येथे १८९२ साली जन्म, अब्दुल करीम खाँ, भास्करबुवा बखले, रामकृष्णबुवा वझे अशा अनेकांकडे तुकड्यातुकड्यांनी शिक्षण आणि १९२१ पासून अल्लादिया खाँची दीर्घ तालीम. कलकत्त्याने त्यांच्यावर जे प्रेम केले ते मुंबईनेही क्वचितच केले असेल. १९३८ साली रवींद्रनाथांनी त्यांचे गाणे ऐकून लेखी गौरव केला. 'सूरश्री' ही पदवी १९४८ साली त्यांना कलकत्त्यातच मिळाली. हिवाळ्यातल्या संगीत परिषदांत त्यांची बैठक म्हणजे पर्वणी. परंतु बाईंकडे प्रश्न घेऊन जाणे हे वाघिणीच्या गुहेत जाण्यासारखे, अशीच त्यांची ख्याती होती. याला नुसता स्वभाव म्हणून भागणार नाही. गोमंतकातील कलावंत समाजातून आलेल्या स्त्रीला त्या काळी कोणता पांढरपेशा लेखक काय विचारणार, हे तिला पुरते ठाऊक असे. 'आपले घराणे कोणते?' हा प्रश्न पुरुष गवयाला गायकीविषयी असतो. तोच शब्द तिच्यापुढे उच्चारला की त्याला दुसरी धार येते. तिने आपल्याभोवती जे कुंपण घातले ते स्वररक्षणासाठी तितकेच मानरक्षणासाठी होते. म्हणून आपल्या हाती काय उरले? थोड्या ध्वनिमुद्रिका, पुष्कळ आख्यायिका. १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर जी सुवर्णतबकडी अवकाशात गेली, तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे. दुसरे यान उडाल्यानंतर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला, बाई गेल्या. तो स्वर सूर्यमालेतील ग्रहांच्या पलीकडे गेला आहे आणि त्या स्वराची तालीम रोज कशी चाले याचे त्यांच्या तोंडचे सविस्तर टिपण मराठीत नाही.

न बोलणारा कलावंत ही एक अडचण, बोलका कलावंत ही दुसरी. दुसरी कमी लेखू नये. भीमसेन जोशी यांची कलकत्त्याची कथा घ्या. गाणे शिकण्यासाठी घर सोडलेला गदगचा मुलगा १९३३ नंतर भटकत भटकत कलकत्त्याला पोचला आणि नट पहाडी सान्याल यांच्या घरी घरगड्यासारखा राहिला. पुढे नावारूपाला आल्यावर सान्यालांना भेटून त्याने ती ओळख दिली. कथा खरी आहे, सुरेख आहे, आणि ती इतक्या मुलाखतींत आली आहे की तिच्यावर बोटांचे ठसे उमटून ती गुळगुळीत झाली आहे. नामवंत कलावंताजवळ अशा सात-आठ हकिकती तयार असतात. पत्रकाराने विचारले की तो त्यातली एक काढून देतो, जशी मैफलीच्या शेवटी मागणी आली की ठरलेली भैरवी. पत्रकार संतुष्ट होऊन जातो. त्या मुलाने त्या घरात ऐकले काय, बंगाली गाण्यातले काही कानात राहिले काय, कुंदगोळला सवाई गंधर्वांपुढे बसेपर्यंतच्या वणवणीत त्याचा आवाज कसा होता, या प्रश्नांना जागाच उरत नाही. त्यात भीमसेनजींचा दोष नाही. विमानतळावर सामान येईपर्यंतच्या दहा मिनिटांत, किंवा मैफलीआधी तानपुरे जुळत असताना हिरव्या खोलीच्या दारात, कोणीही शहाणा माणूस ठेवणीतलेच देणार.

बंगालच्या परंपरेतील दोन कलावंतांचा येथे उल्लेख केला पाहिजे. अन्नपूर्णादेवी मुंबईत दशकानुदशके राहिल्या, मैफली सोडल्या, भेटी नाकारल्या. २००० साली 'मॅन्स वर्ल्ड' मासिकाच्या आलिफ सुरती यांना त्यांनी प्रश्नांची उत्तरे दिली ती लेखी. समोरासमोर बसणे नाही, आवाज नाही. तरीही त्या लेखी उत्तरांनी, इतरांनी रंगवलेल्या त्यांच्या कहाणीला प्रथमच त्यांची बाजू मिळाली. दुसरे निखिल बॅनर्जी. १९८५ साली, म्हणजे मृत्यूच्या थोडेच आधी, अमेरिकेत आयरा लँडगार्टन यांच्याशी ते इंग्रजीत सविस्तर बोलले. बाबा अल्लाउद्दीन खाँच्या मैहरमधील शिस्तीपासून श्रोत्यांच्या अपेक्षांपर्यंत पुष्कळ काही त्यात आले. परदेशी प्रश्नकर्त्याला आपल्याकडची आदब ठाऊक नसते, आणि कधी कधी तेच उपकारक ठरते. आम्ही जे 'हे काय विचारायचे!' म्हणून सोडून देतो ते तो निरागसपणे विचारतो.

आदबीचा विषय निघाला म्हणून स्वतःचा एक अनुभव सांगतो. १९८४ साली मी प्रबंधाचे काम करीत होतो आणि एका साप्ताहिकाच्या दिवाळी अंकासाठी एका वयोवृद्ध गायिकेची मुलाखत घेण्यास गेलो. नाव देत नाही. हातात उसना टेपरेकॉर्डर, वहीत अकरा प्रश्न, सगळे ग्रंथ वाचून काढलेले. भातखंड्यांनाही अभिमान वाटावा असे. यंत्र सुरू झाले की बाईंचा आवाज बदले. त्या ताठ बसत आणि सगळे गुरूंचे देणे आहे, आम्ही निमित्तमात्र, असे सांगत. तीन प्रश्नांना एकच उत्तर आले. मग त्यांनीच यंत्र बंद करायला सांगितले, चहा टाकला, आणि डाळ निवडता निवडता बोलू लागल्या. लहानपणी आईबरोबर एका श्रीमंत घरच्या मुंजीत गायला गेल्या होत्या. पहाटेपर्यंत गाणे झाले, यजमानांनी शाल दिली, आणि सकाळी माय-लेकींची पाने मागच्या अंगणात, पंगतीपासून दूर मांडली गेली. आईने जेवण नाकारले नाही. 'जेव पोटभर,' म्हणाली, 'आवाजाला लागतं.' घरी आल्यावर तिने मुलीकडून भैरव घोटून घेतला, दुपार कलेपर्यंत. एवढे सांगून बाईंनी सूप उचलले आणि मला विचारले, 'तुम्हाला काही येतं का गायला?' येत नव्हते. 'मग हे लिहू नका,' त्या म्हणाल्या.

मी लिहिले नाही. माझ्या प्रबंधातल्या एका प्रकरणाला त्या प्रसंगाने जी बळकटी आली असती ती दुसऱ्या कशानेही आली नाही, हे मला तेव्हाही कळत होते. एका ज्येष्ठ समीक्षकांनी मला मूर्खात काढले. संगीताचा सामाजिक इतिहास असाच बुडतो, असे ते म्हणाले, आणि ते खोटे नव्हते. बाईंना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली, त्यांच्या घरचेही कोणी राहिलेले नाही. नाव-गाव गाळून आज प्रथमच तो प्रसंग कागदावर उतरवला आहे आणि उतरवताना हात कचरला. त्या वर्षीच्या दिवाळी अंकात आलेली मुलाखत दोन पानांची आहे. साप्ताहिकाने तिला दिलेला मथळा होता : 'सारी गुरुकृपा!'